बाहेरगावी जाताना मासे: ऑटो फीडर की शेजारी?

चार-पाच दिवसांसाठी जायचं असेल तर घरच्या टाकीतल्या माशांसाठी खरं दोन्हीची गरज नाही, ना ऑटो फीडरची (ठरल्या वेळी आपोआप खाणं टाकणारं मशीन) ना शेजाऱ्यांची, मोठे धडधाकट मासे तेवढे दिवस उपाशी आरामात राहतात, फक्त पिल्लं असतील तर नाही चालत, त्यांना रोज दोन-तीनदा लागतं. आठवड्याच्या वर गेलं की मग विचार करायचा.

ऑटो फीडर वेळेवर आणि मोजून टाकतो हा मोठाच फायदा, पण टाकीतल्या वाफेने खाणं ओलं होऊन गोळा होतं आणि मग एकतर काहीच पडत नाही नाहीतर भसकन पडतं. म्हणून निघायच्या आधी निदान आठवडाभर लावून बघाच, नवीन सेल टाका आणि फ्लेक्सऐवजी (पातळ पापुद्र्यांसारखं खाणं) बारीक दाणे भरा.

शेजाऱ्यांचं उलटं. त्यांना मासे भुकेले दिसतात (मासे कायमच तसे दिसतात!) आणि प्रेमापोटी चिमूटभर जास्त पडतं, ते न खाल्लेलं कुजून अमोनिया वाढतो आणि उपाशी राहून नाही पण त्याने मासे नक्की जातात. यावर उपाय म्हणजे एकेका वेळचं खाणं पुड्यांमध्ये बांधून द्यायचं, एक दिवसाआड एक पुडी, आणि डबा चक्क लपवून ठेवायचा.

तरी मी शेजारीच निवडेन, कारण फिल्टर बंद पडला, लाईट गेली, एखादा मासा मेला तर मशीनला काय कळणार, माणूस निदान फोन तरी करतो. दोन आठवड्यांच्या वर असेल तर फीडर लावा आणि शेजाऱ्यांना दोन-तीन दिवसांनी नुसतं बघून जायला सांगा.