स्प्लिट एसीची फिल्टर-जाळी घरीच बदलली: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

एसी दीड टनाचा, भिंतीवरचा, इन्व्हर्टर प्रकारचा. फ्लॅट पुण्यात, वर्दळीच्या रस्त्यालगत, शेजारी बांधकाम चालू. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंत नाही. त्यामुळे जाळीवर रस्त्याची धूळ, सिमेंटची पूड आणि फोडणीच्या तेलाची वाफ, असं सगळंच बसतं. मूळ जाळी एका कोपऱ्यात फाटली होती आणि तिची चौकट वाकली होती, म्हणून मार्चमध्ये त्याच मॉडेलची, मूळ मापाची नवी जोडी बसवली. आतल्या खोलीतल्या तशाच एसीवर मात्र बाजारात रोलमध्ये मिळणारी, मापाने कापून लावायची जाळी लावली आणि नंतर तिच्यावर ‘पीएम २.५’ म्हणून विकली जाणारी पांढरी कापडी शीटही लावून पाहिली. पावसाळा संपेपर्यंत दोन्ही शेजारी शेजारी चालले, त्यामुळे तुलना सरळ करता येते.

मूळ मापाची जाळी सरस ठरली, आणि त्याचं कारण जाळीच्या कापडापेक्षा चौकटीत जास्त आहे.

ही जाळी नेमकं काय करते, ते आधी बघू. स्प्लिट एसीतली नायलॉनची जाळी फुफ्फुसांसाठी नसते, ती कॉइलसाठी असते. आत थंड होणाऱ्या कॉइलवर ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांच्या, म्हणजे फिन्सच्या, शेकडो ओळी असतात. कॉइल चालू असताना ओली असते, त्यामुळे तिच्यापर्यंत पोचलेला केस, कापसाचा तंतू, जाडी धूळ तिथेच चिकटते आणि फिन्समधल्या फटी बुजतात. जाळी ही जाडी घाण अडवते. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन आणि त्याहून लहान कण. जाळीची भोकं त्याच्या कितीतरी पट मोठी असतात. जाळी बदलून घरातला धूर किंवा दम्याचा त्रास कमी होईल, या अपेक्षेने कोणी खर्च करू नये.

आणि ही जाळी दरवर्षी बदलायचीही गरज नाही. धुवून ती कित्येक वर्षं चालते. बदलायची ती तीन कारणांनी: कापड फाटलं किंवा सैल पडलं, चौकट वाकून बाजूला फट राहायला लागली, किंवा खालची अडकणारी खुंटी तुटली. धुतलेली कोरडी जाळी खिडकीसमोर धरावी. उजेड सगळीकडून सारखा आला आणि सपाट टेबलावर ठेवल्यावर चारी कोपरे टेकले (काही मॉडेलमध्ये जाळी मुळातच वक्र असते, तिथे जोडीतल्या दुसऱ्या जाळीशी ताडून बघावं), तर नवी घेऊ नका.

मागवताना चुकतं ते मॉडेल नंबरात. आतल्या आणि बाहेरच्या युनिटचे नंबर वेगळे असतात, आणि बिलावर बऱ्याचदा तिसराच, पूर्ण संचाचा नंबर असतो. जाळीसाठी आतल्या युनिटचा नंबर लागतो. तो युनिटच्या बाजूला किंवा खालच्या अंगाला स्टिकरवर असतो. मोबाइलने फोटो काढला की स्टुलावर उभं राहून वाचायची कसरत करावी लागत नाही. बहुतेक एसीत डावी-उजवी अशा दोन जाळ्या असतात आणि सगळ्याच मॉडेलमध्ये त्या सारख्या नसतात, म्हणून जोडीच मागवावी. दुकानदाराने ‘सगळ्याला बसते’ म्हटलं तरी जुनी जाळी सोबत नेऊन लांबी, रुंदी, चौकटीची जाडी आणि खुंटीची जागा ताडून बघावी. लांबी-रुंदी जुळते, पण चौकट दोन मिलिमीटरने जाड निघते आणि खाचेत सरकतच नाही, असं होतं.

बसवायला पंधरा मिनिटं पुरतात. एसी रिमोटने बंद करावा, हवा सोडणारी झडप पूर्ण मिटू द्यावी आणि मग एमसीबी (वीजपेटीतला एसीचा खटका) खाली करावा. नुसत्या रिमोटवर थांबू नये, आत ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) फिरतो आणि हात त्याच्या जवळून जातो. खाली जुनी चादर अंथरावी, नाकावर मास्क लावावा. पुढचं पॅनेल दोन्ही टोकांच्या खाचांत बोटं घालून सारख्या जोराने उचलावं. ‘टक्’ असा आवाज झाला की ते वर टिकून राहतं. त्यापुढे रेटलं तर बिजागरीच्या प्लॅस्टिकच्या पिना तुटतात, आणि त्या पिना सुट्या मिळत नाहीत, अख्खं पॅनेल घ्यावं लागतं. ज्या एसीचं पॅनेल मोटरने उघडतं, त्याला हाताने जोर लावूच नये. माहितीपुस्तिकेत दिलेल्या पद्धतीनेच उघडावं.

जाळीच्या खालच्या काठाला मधोमध पकड असते. ती आधी किंचित वर ढकलायची, मग आपल्याकडे ओढायची आणि मग खाली. थेट खाली ओढली की खुंटी तुटते. बहुतेक जाळ्या अशाच खराब होतात. जाळी निघाली की टॉर्च मारून कॉइल बघावी. कॉइलला बोट लावू नये, फिन्स पात्यासारख्या धारदार असतात आणि दाबल्या की वाकतात. थोडी धूळ दिसली तर मऊ ब्रश फिन्सच्याच दिशेने, वरून खाली हलकेच फिरवावा, आडवा कधीच नाही.

नवी जाळी घालताना वरचं टोक आधी दोन्ही बाजूंच्या खाचेत, मग वर सरकवत खालची खुंटी अडकवायची. आता घाई करू नये. चौकटीच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवून फट आहे का ते तपासावं. पॅनेल लावताना दोन्ही टोकं आणि मध्य, तिन्ही ठिकाणी दाबावं. काही मॉडेलमध्ये पॅनेल अर्धवट राहिलं तर एसी चालूच होत नाही. तो बिघाड नसतो.

फटीवर एवढा भर का, ते आतल्या खोलीत दिसलं. कापून लावलेल्या जाळीला चौकट नव्हती, चिकटपट्टीवर भिस्त होती. पावसाळ्याच्या दमट हवेत वरची पट्टी सुटली आणि उजव्या अंगाला बोटभर फट पडली. जाळी काढली तेव्हा त्या फटीच्या बरोब्बर मागे कॉइलवर वरपासून खालपर्यंत करड्या रंगाचा, नमद्यासारखा दाट पट्टा बसलेला होता. बाकीची कॉइल जवळपास स्वच्छ. हवा वाट सोपी असेल तिकडून जाते, आणि धूळही तिच्यासोबत जाते. मूळ मापाच्या जाळीमागे असा पट्टा कुठेच नाही. शिवाय कापलेल्या कडेचे धागे उसवत जातात. एखादा लांब धागा ओढला जाऊन ब्लोअरपर्यंत पोचला की बारीक टिकटिक सुरू होते आणि लोक मोटर गेली असं समजतात.

पांढऱ्या कापडी शीटबद्दल अधिक सांगायला हवं, कारण हल्ली ती बरीच विकली जाते. स्प्लिट एसीचा ब्लोअर म्हणजे लांब नळकांड्यासारखा पंखा. तो भरपूर हवा हलवतो, पण अडथळ्याविरुद्ध ओढायची ताकद त्याच्यात फार नसते. पूर्ण जाळीवर दाट शीट लावली की हवेचा झोत लगेच कमी होतो, आणि शीटवर धूळ बसत जाईल तसा आणखी. यात फसवणारी गोष्ट अशी की झडपेतून येणारी हवा आधीपेक्षा गार लागते. कमी हवा कॉइलवरून सावकाश जाते, म्हणून जास्त थंड होते. खोली मात्र उशिरा गार होते.

हे साध्या थर्मामीटरने तपासता येतं. वरून आत जाणाऱ्या आणि झडपेतून बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान, एसी पूर्ण जोरात पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर मोजावं. धडधाकट एसीत हा फरक साधारण ८ ते १२ अंश सेल्सियस असतो. आतल्या खोलीत शीट लावल्यावर तो १२ च्या वर गेला आणि झोत पलंगापर्यंत पोचेना. शीट काढल्यावर दोन्ही गोष्टी जागेवर आल्या. फरक ८ च्या बराच खाली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे गॅस किंवा कॉम्प्रेसरकडे बघावं लागतं. इन्व्हर्टर एसी खोली गार झाल्यावर वेग कमी करतो आणि तेव्हा फरकही कमी दिसतो, म्हणून मोजणी खोली अजून गरम असतानाच करावी.

हवा फारच कमी झाली तर कॉइलचं तापमान शून्याखाली जातं, तिच्यावर बर्फ धरतो आणि एसी बंद केल्यावर तो वितळून भिंतीवरून पाणी ओघळतं. अशा वेळी सर्व्हिसवाल्याकडून ‘गॅस कमी झालाय’ ऐकायला मिळण्याची शक्यता मोठी. गॅस कमी झाल्यानेही कॉइलवर बर्फ धरतो, हे खरं. पण गॅस बंद नळ्यांत फिरतो, वापराने संपत नाही. गळती असेल तरच कमी होतो. आधी जाळी धुवा, शीट लावली असेल तर काढा, बर्फ पूर्ण वितळू द्या आणि पुन्हा चालवून बघा. तरीही बर्फ धरला तर गळती कुठे आहे ते शोधून दाखवायला सांगा, नुसतं भरून घेऊ नका. गॅसचं काम मात्र घरी करायचं नाही. नव्या एसीत सर्रास असणारा आर-३२ मंदपणे का होईना, पेट घेणारा वायू आहे.

धुण्याबद्दल. उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी, बांधकाम जवळ असेल तर दर आठवड्याला. आधी कोरडी धूळ मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढावी. पाणी मारायचं ते जाळीच्या मागच्या, म्हणजे कॉइलकडच्या बाजूने, म्हणजे धूळ आली त्या वाटेने बाहेर पडते. पुढून मारलं तर ती भोकांत आणखी रुतते. स्वयंपाकघराजवळची जाळी नुसत्या पाण्याने स्वच्छ होत नाही, बोट लावलं तर चिकट लागते. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून दहा मिनिटं बुडवून ठेवावी. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको, चौकट वाकते. थिनर, पेट्रोल, तारेची घासणी काहीही नको. वाळवायची सावलीत, आडवी ठेवून. गॅलरीतल्या उन्हात टांगून नाही.

पावसाळ्यात जाळी वाळायला अर्धा दिवसही लागतो, आणि ओली बसवली तर कुबट वास ठरलेला. जुन्या जाळ्यांपैकी जी अजून धड आहे ती टाकू नये: एक धुवून वाळत असताना दुसरी लावता येते. या बदलातून झालेला सर्वांत उपयोगी फायदा हाच. जाळी स्वच्छ असूनही वास येत असेल तर तो कॉइल, पाणी झेलणारा खालचा पन्हाळ किंवा ब्लोअरच्या पात्यांवरच्या बुरशीचा असतो, आणि तिथे जाळी बदलून काही होत नाही. एसी बंद करण्याआधी अर्धा तास फॅन मोडवर चालवला तर कॉइल वाळते आणि वास बराच कमी होतो. ब्लोअरसाठी वर्षातून एकदा, उन्हाळ्याआधी, पाण्याच्या प्रेशरने धुणारी सर्व्हिस करून घ्यावीच लागते.

जाळीवर अडकवायच्या छोट्या पट्ट्या, कार्बनच्या किंवा ‘अँटी-बॅक्टेरिया’ नावाच्या, जाळीचा अगदी लहान भाग झाकतात. बाकीची हवा शेजारून जाते, त्यामुळे परिणामही तेवढाच. कार्बनची पट्टी धुवून पुन्हा ताजी होत नाही. एसीसोबत आल्या असतील तर असू द्याव्यात, वेगळ्या विकत घेऊ नयेत. धूळ-धुरासाठी खोलीत वेगळा हेपा (अगदी बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचा) प्युरिफायर ठेवावा, एसीवर ते ओझं टाकू नये.

विजेबद्दल: जाळी स्वच्छ ठेवल्याने ५ ते १५ टक्के वीज वाचते, हा जो आकडा सगळीकडे फिरतो, तो अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा आहे. तिकडे बऱ्याच घरांत डक्टमधून, म्हणजे हवेच्या बंद वाहिन्यांतून, घरभर हवा खेळवणारी यंत्रणा असते आणि त्यातले बरेच फिल्टर धुवायचे नसतात, टाकून नवे बसवायचे असतात. इथल्या स्प्लिट एसीला तो आकडा जसाच्या तसा लावू नये. आमच्या बिलात हवामानाचा आणि वापराचा फरक इतका मोठा आहे की जाळीचा वाटा वेगळा काढता येत नाही. झोतातला फरक मात्र जाळी बदलली त्याच दिवशी कळला.

काही एसीवर फिल्टरचा दिवा लागतो. तो बहुतेक मॉडेलमध्ये धूळ मोजत नाही, चाललेले तास मोजतो. जाळी धुतल्यावर रीसेटचं बटण दाबलं नाही तर तो लागलेलाच राहतो, आणि धुळीच्या भागात तो लागायच्या कितीतरी आधी जाळी भरलेली असते. तेव्हा दिव्याची वाट न बघता पॅनेल उचलून बघावं.