ला पोसाचे सरकारी मैदान : व्हॅनवासीयांच्या मेळाव्याला कितपत सोयीचे?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या पश्चिम टोकाला, कॅलिफोर्नियाच्या सीमेपासून जवळच, क्वार्ट्झसाइट नावाचे गाव आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या अडीच हजारांच्याही आत भरली होती, परंतु हिवाळा सुरू झाला की मोटरहोम, ट्रेलर आणि व्हॅन यांची रांग लागते आणि आसपासचे वाळवंट वसाहतीचे रूप घेते. गावाच्या दक्षिणेला, ९५ क्रमांकाच्या महामार्गालगत, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट ही केंद्र सरकारची संस्था ‘ला पोसा’ हे दीर्घ मुक्कामाचे मैदान चालवते. एकट्यादुकट्या प्रवाशाला हे मैदान कसे वाटते, याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. मला येथे वेगळ्या प्रश्नाचा विचार करायचा आहे : वर्षभर व्हॅनमध्ये राहणाऱ्या वीस-तीस जणांना आठवडाभर एकत्र आणायचे असेल, तर ही जागा निवडावी का? आमच्या गटाने येथेही मुक्काम केला आहे आणि भोवतालच्या मोफत मैदानांवरही केला आहे, त्यामुळे तुलना करणे शक्य आहे.

प्रथम व्यवस्थेविषयी. थंडीत दक्षिणेकडे येणाऱ्या प्रवाशांची सोय व्हावी आणि वाळवंटाची नासाडी मर्यादित जागेत राहावी, या दुहेरी हेतूने १९८३ मध्ये अशी मैदाने सुरू करण्यात आली. हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा असतो. अनेक वर्षे संपूर्ण हंगामाचे शुल्क १८० डॉलर आणि सलग १४ दिवसांचे ४० डॉलर असे राहिले आहे; निघण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावा, कारण सरकारी दर कायमचे नसतात. ला पोसाचे क्षेत्र सुमारे ११,४०० एकर आहे आणि त्यात आखलेल्या, क्रमांक दिलेल्या जागा नाहीत. परमिटचे स्टिकर काचेवर लावायचे आणि मोकळी जागा दिसेल तेथे थांबायचे, इतकी साधी पद्धत आहे. पिण्याचे पाणी, कचऱ्याचे डबे, बंद टाकीची शौचालये आणि मोठ्या गाड्यांच्या टाक्या रिकाम्या करण्याचे डंप स्टेशन एवढ्या सोयी मिळतात. वीज नाही, नहाणीघर नाही, आरक्षण नाही.

आरक्षण नसणे ही मेळावा भरवणाऱ्याच्या दृष्टीने पहिली अडचण आहे. तीस व्हॅनना एकत्र जागा हवी असेल, तर दोन-तीन जणांनी आधी येऊन ती धरून ठेवण्याखेरीज उपाय नाही. तेही दोऱ्या बांधून नव्हे, तर गाड्या दूर दूर उभ्या करून आणि शेजाऱ्यांना आपला बेत सांगून. आमच्या अनुभवात शेजारी बहुधा समजूतदार असतात, कारण तेथे येणारे बरेच जण स्वतःही मित्रांची वाट पाहत असतात. तरीही ही व्यवस्था सौजन्यावर चालते, हक्कावर नाही.

मात्र या मैदानाचा खरा कस लागतो तो शौचालयांच्या बाबतीत, आणि म्हणूनच या मुद्द्यावर मी अधिक लिहिणार आहे. वारीत दिंडीची माणसे मुक्कामाच्या गावी शिरताच आधी पाणी कुठे आणि आडोसा कुठे हे पाहतात. येथेही तोच क्रम योग्य ठरतो. ला पोसाच्या नियमांनुसार ज्या वाहनात सांडपाण्याची कायमस्वरूपी बसवलेली, किमान १० गॅलनची, म्हणजे सुमारे ३८ लिटरची टाकी आहे, तेच वाहन ‘स्वयंपूर्ण’ मानले जाते. काढता-घालता येणारी शौचपेटी, बादलीवरचे कंपोस्ट शौचालय किंवा लहान टाकी या व्याख्येत बसत नाही. अशा वाहनांनी मैदानातील एखाद्या शौचालयापासून ५०० फुटांच्या आतच मुक्काम करायचा असतो. मोठ्या मोटरहोमला या नियमाची झळ लागत नाही, कारण त्याच्या पोटात टाक्या असतातच. व्हॅनमध्ये राहणाऱ्या बहुसंख्य लोकांकडे नेमकी तीच टाकी नसते. जागा आणि पैसा दोन्ही वाचवण्यासाठी त्यांनी शौचपेटीच पसंत केलेली असते. म्हणजे कागदावर ११,४०० एकर असलेले हे मैदान आमच्यासाठी प्रत्यक्षात काही वर्तुळांपुरतेच उरते.

त्या वर्तुळाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ५०० फूट त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे सुमारे १८ एकर. तीस व्हॅनना एवढी जागा पुरून उरेल असे वाटते, पण त्यातून रस्ते जातात, कोरडे ओहोळ जातात आणि तंबूतले, पिकअपमधले, मोटारीत झोपणारे असे सगळेच टाकी नसलेले लोक तेथेच उतरतात. मेळाव्याला सलग, गोल मांडणीची जागा हवी असेल, तर गटाची संख्या वीसच्या आसपास ठेवणे शहाणपणाचे ठरते. त्याहून मोठा गट असेल, तर टाकी असलेल्या गाड्या बाहेरच्या कडेला आणि बाकीच्या आत अशी विभागणी करावी लागते. तशी विभागणी केली की बाहेरचे लोक संध्याकाळच्या बैठकीला कमी येतात, असे आम्हाला दिसले. अंतर फार नसते. पण अंधारात वाळवंटातून दोन-तीनशे पावले चालत जाण्याचा कंटाळा माणसाला असतोच.

शौचालयांची एक जमेची बाजूही नोंदवली पाहिजे. माणुसकीच्या मदतकार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘स्फिअर’ मानकांत २० माणसांमागे एक शौचालय असावे असे म्हटले आहे. मोफत मैदानावर हे प्रमाण गाठायचे, तर भाड्याची शौचालये आणावी लागतात किंवा प्रत्येकाने आपापली पेटी भरून जवळच्या डंप स्टेशनपर्यंत न्यावी लागते. ला पोसात हे ओझे आयोजकाच्या डोक्यावरून उतरते. स्वच्छतेची खात्री मी कोणाच्याही वतीने देणार नाही. कागद आणि हात धुण्याचे पाणी गटाने स्वतःचे ठेवावे, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

पाण्याबाबत मैदान सरस आहे. मोफत मैदानावर गावातून पाणी वाहून आणण्यात रोज कोणाचा तरी अर्धा दिवस जातो. येथे तो वाचतो. सांडपाण्याचा नियम मात्र कडक आहे आणि तो तसाच असावा. भांडी घासलेले पाणीसुद्धा जमिनीवर ओतता येत नाही. त्यामुळे एकत्र स्वयंपाक करणाऱ्या गटाने दोन मोठे झाकणाचे पिंप आणि ते उचलून नेणारा एक नेमका माणूस आधीच ठरवून ठेवावा. ‘जो रिकामा असेल तो नेईल’ अशी योजना केली की तिसऱ्या दिवशी पिंप काठोकाठ भरलेले असते आणि रिकामा कोणीच नसतो.

मांडणीच्या दृष्टीने काही नियम उपकारक ठरतात. दोन वाहनांत किमान १५ फूट, म्हणजे साडेचार मीटरहून थोडे अधिक अंतर ठेवावे लागते. एवढे अंतर आगीच्या दृष्टीने मी कमीच मानतो. ब्रिटनमधील कॅरव्हान स्थळांच्या आदर्श मानकांत ते सहा मीटर आहे आणि गॅसच्या शेगड्या असलेल्या व्हॅनच्या गटाने तेच पाळावे. रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते, त्यामुळे जनरेटरवरून होणारे तंटे सुरू होण्याआधीच संपतात. दिवसाच्या जनरेटरसाठी आमच्या गटाने स्वतःचे तास ठरवले आणि ते फळ्यावर लिहिले. नियम तोंडी सांगितला की तो सांगणाऱ्याचा होतो, फळ्यावर लिहिला की सगळ्यांचा होतो. जमीन बहुतांश टणक, खडीसारखी आहे, त्यामुळे चारऐवजी दोनच चाकांना इंजिनाची ओढ असलेल्या साध्या व्हॅनही अडकत नाहीत. ओहोळाच्या तळाशी मात्र कितीही सपाट आणि सावलीची जागा दिसली, तरी गाडी लावू नये. दूरवर पडलेल्या पावसाचे पाणी तेथून वेगाने येते, आणि डोक्यावर तारे लखलखत असतानाही येऊ शकते.

शेकोटीचा विषय मी थोडक्यात संपवतो. मेळाव्याला शेकोटी हवी, पण तेथील आयर्नवुड आणि पालो व्हर्दे ही झाडे अतिशय मंद वाढतात, त्यामुळे लाकूड गावातून विकत आणावे आणि सगळ्या गटात एकच शेकोटी ठेवावी. एक शेकोटी ठेवली की लोक एका ठिकाणी बसतात, हा त्यातला खरा लाभ.

आता तुलनेसाठी मोफत मैदानांकडे वळू. गावाच्या भोवती स्कॅडन वॉश, डोम रॉक, प्लोमोसा रोड, हाय जॉली अशी मैदाने आहेत आणि तेथे २८ दिवसांच्या अवधीत १४ दिवस विनामूल्य राहता येते. (हाय जॉली हे नाव एकोणिसाव्या शतकात अमेरिकी सैन्याने उंट आणून पाहिले त्या प्रयोगातील उंटवान हाजी अली यांचे. क्वार्ट्झसाइटच्या स्मशानभूमीत त्यांच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड उभा आहे. फिरस्त्यांच्या मुक्कामाला एका उंटवानाचे नाव असावे, हे मला फार योग्य वाटते.) व्हॅनवासीयांचा सर्वांत प्रसिद्ध मेळावा, बॉब वेल्स यांनी सुरू केलेला ‘रबर ट्रॅम्प रॉंदेव्हू’, याच परिसरातील मोफत जमिनीवर वाढला. आरंभी काही डझन माणसांचा असलेला हा मेळावा दशकभरात हजारोंचा झाला. त्याचे स्वरूप पाहिले तर आयोजनाचे धडे आपोआप मिळतात : प्रवेश विनामूल्य, सकाळी अनुभवी लोकांची सौरऊर्जा, कमी खर्चात जगणे किंवा शहरात गुपचूप गाडी लावणे अशा विषयांवरची सत्रे आणि नको असलेल्या वस्तू ठेवून हव्या त्या उचलण्याचा एक सामाईक ढीग. स्त्रियांसाठी पुढे स्वतंत्र मेळावाही भरू लागला. एकट्याने गाडीत राहणाऱ्या स्त्रियांचे सुरक्षिततेचे प्रश्न मिश्र बैठकीत मोकळेपणाने निघत नाहीत, हे ज्याने कधी असा मेळावा भरवला आहे त्याला सांगावे लागणार नाही.

मोफत मैदानाची मर्यादाही याच उदाहरणातून कळते. माणसांचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल एवढ्या गटाला फळा, खुर्च्या आणि शिस्त पुरते. त्यापुढे ध्वनिवर्धक, वाहनतळ, शौचालये, रुग्णवाहिकेला मोकळा रस्ता आणि शासकीय परवाना हे सगळे एकामागून एक येते. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जमिनीवर संघटित कार्यक्रम करायचा, तर ‘स्पेशल रिक्रिएशन परमिट’ लागू शकते आणि त्याचा अर्ज साधारण सहा महिने आधी करण्याची तयारी ठेवावी लागते. सहभागींनी प्रत्यक्ष खर्च आपसांत वाटून घेणे आणि आयोजकाने त्याहून अधिक रक्कम घेणे यांत नियम स्पष्ट भेद करतात. पैसे देऊन जाहिरात केली, तरीही कार्यक्रम व्यावसायिक गणला जातो. वर्गणी गोळा करणाऱ्याने म्हणूनच पावत्या ठेवाव्यात. लहान मित्रमंडळींच्या मुक्कामाला परवान्याची गरज भासू नये, परंतु संख्या पन्नासकडे सरकू लागली की स्थानिक कार्यालयाला आधीच विचारणे इष्ट. हे विचारणे ला पोसात सोपे पडते, कारण मैदानावर स्वयंसेवक यजमान राहतात आणि पुढे कोणाशी बोलायचे ते सांगतात.

पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. चाळीस डॉलर ही रक्कम मोटरहोमवाल्याच्या खर्चात नजरेत भरत नाही; केवळ निवृत्तिवेतनावर व्हॅनमध्ये दिवस काढणाऱ्यासाठी ती आठवडाभराचे पेट्रोल असू शकते. वीस व्हॅनचे मिळून आठशे डॉलर होतात. परमिट दुसऱ्याला देता येत नाही, त्यामुळे आयोजकाला चार परमिटे आळीपाळीने फिरवण्याची युक्तीही करता येत नाही. आमच्या गटाने यावर काढलेला तोडगा असा : ज्यांना शक्य आहे त्यांनी थोडे अधिक घालून एक लहानसा निधी करायचा आणि ज्यांना अडचण आहे त्यांचे शुल्क त्यातून भरायचे, मात्र कोणाचे भरले हे हिशेब ठेवणाऱ्या एकाच व्यक्तीला ठाऊक असावे. हंगामभर राहणाऱ्याला १८० डॉलर म्हणजे दिवसाला एक डॉलरही पडत नाही. तेव्हा गटात असे दीर्घकाळ राहणारे दोन-तीन जण असतील, तर जागा धरण्याचे काम त्यांच्याकडेच द्यावे.

माझे मत असे : दहा ते वीस व्हॅनच्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांचा किंवा नवख्यांचा भरणा असलेल्या मेळाव्याला ला पोसा मोफत मैदानापेक्षा निःसंशय चांगले, कारण पाणी आणि शौचालय यांची चिंता मिटल्यावरच लोक एकमेकांशी बोलायला मोकळे होतात. अनुभवी, स्वतःचे सगळे वाहून नेणाऱ्या गटाला मात्र हे शुल्क आणि ५०० फुटांचे बंधन दोन्ही अनावश्यक आहेत. त्यांनी प्लोमोसा रोडकडे जावे.

तारखांविषयी शेवटची सूचना. जानेवारीचा उत्तरार्ध टाळावा. त्या दिवसांत गावात मोटरहोमचे मोठे प्रदर्शन भरते, डंप स्टेशनवर रांगा लागतात, मोबाइलचे जाळे गर्दीने मंदावते आणि ‘आम्ही उजवीकडच्या तिसऱ्या शौचालयापाशी आहोत’ हा निरोप तासाभराने पोहोचतो. नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारीची अखेर हवामानाच्या दृष्टीनेही तितकीच सुखाची असते. चौदा दिवसांचे परमिट सलग मोजले जाते, म्हणून मेळाव्याचे मुख्य चार-पाच दिवस त्याच्या मध्यावर ठेवावेत : आधीचे दिवस दुरून येणाऱ्यांना आणि वाटेत बिघडलेल्या गाड्यांना, नंतरचे दिवस बॅटरीची जोडणी एकमेकांकडून दुरुस्त करून घेणाऱ्यांना उपयोगी पडतात.