लॉजिस्टिक्स सेवेची रचना: कोणतं सिम्युलेशन मॉडेल कधी घ्यावं?

नवं वितरण केंद्र उभारायचं किंवा वेळेची हमी देऊन घरपोच सेवा सुरू करायची, तर सिम्युलेशनचे, म्हणजे संगणकावर सेवेची नक्कल चालवून पाहण्याचे, तीन मुख्य प्रकार समोर येतात: डिस्क्रीट इव्हेंट, एजंट-बेस्ड आणि सिस्टिम डायनॅमिक्स. माझं मत आधीच सांगते. सुरुवात डिस्क्रीट इव्हेंटपासून करा; बाकीच्या दोघांकडे ठोस कारण असेल तरच वळा.

त्याही आधी कागदावर एक हिशेब मांडा. माल उतरवायला एकच धक्का आहे, एका ट्रकला सरासरी १० मिनिटं लागतात. ट्रक ठरल्या वेळी येत नाहीत आणि उतरवायचा वेळही बराच कमी-जास्त होतो. रांगांच्या सर्वांत साध्या सूत्रानुसार धक्का ८० टक्के वेळ गुंतलेला असेल, तर रांगेत सरासरी ४० मिनिटं जातात. ९० टक्क्यांवर ९० मिनिटं, ९५ टक्क्यांवर १९०! नुसत्या सरासरीवर बेतलेल्या एक्सेल शीटमध्ये ही रांग दिसतच नाही. तिथे क्षमता तासाला सहा ट्रकची, येतात त्याहून कमीच, म्हणजे सगळं आलबेल.

पण धक्के अनेक, फोर्कलिफ्ट सामाईक, मधेच शिफ्ट बदलते आणि तातडीच्या ऑर्डरी पुढे घ्याव्या लागतात, अशा ठिकाणी सूत्र थकतं. डिस्क्रीट इव्हेंट मॉडेल इथेच कामाला येतं. ट्रक आला, धक्का मोकळा झाला, पिकिंग (ऑर्डरीप्रमाणे माल काढणं) संपलं, अशा एकेका घटनेवर ते पुढे सरकतं. ही पद्धत चांगली मुरलेली आहे. आयबीएमची जीपीएसएस ही सिम्युलेशनची संगणकीय भाषा १९६१ची. ग्राहकाला शब्द द्यायचा तो सरासरीवर देता येत नाही. ‘९५ टक्के ऑर्डरी चार तासांत’ हे जमेल का, याचं उत्तर हे मॉडेल देतं. मोबदल्यात प्रत्येक टप्प्याच्या खऱ्या वेळांच्या नोंदी मागतं, आणि त्या गोळा करण्यातच प्रकल्पाचा मोठा वेळ जातो.

एजंट-बेस्ड मॉडेलमध्ये माणसं स्वतः निर्णय घेतात. डिलिव्हरी करणारे ऑर्डर नाकारू शकतात, वाहतूकदार भाव पाहून फेरी घेतात, अशी सेवा असेल तर हेच हवं. मात्र वागणुकीचे नियम तुम्हालाच लिहावे लागतात, आणि ते प्रत्यक्षाशी ताडून पाहणं फार अवघड असतं. नियम अंदाजाने घातले, तर उत्तरही अंदाजच.

सिस्टिम डायनॅमिक्स एकेक ट्रक न पाहता साठे आणि प्रवाह यांचा एकत्रित हिशेब मांडतं; अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत संशोधक जे फॉरेस्टर यांनी ते १९५०च्या दशकात घडवलं. मागणीतला छोटा चढउतार पुरवठा साखळीत मागे जाताना कसा फुगतो, साठा आणि क्षमता काही महिन्यांत कुठे जातील, हे त्यात छान उलगडतं. धक्के किती बांधायचे, हे त्याला विचारू नका.

सॉफ्टवेअर शेवटी निवडा. एनीलॉजिकमध्ये तिन्ही प्रकार एकत्र करता येतात. पायथनमधलं सिमपाय मोफत आहे, पण त्यात दृश्य मांडणी तयार मिळत नाही. मला दृश्य मांडणी मोलाची वाटते, कारण पडद्यावर आपलं गोदाम हलताना दिसलं की तिथला सुपरवायझर मॉडेलमधली चूक लगेच दाखवतो.

आणि दोन आराखडे तुलनेला ठेवाल तेव्हा दोन्हींना ऑर्डरींचा तोच क्रम द्या. रिकाम्या गोदामापासून सुरू झालेला सुरुवातीचा काळ मोजणीतून वगळा आणि रन, म्हणजे मॉडेलची पूर्ण फेरी, अनेकदा घ्या. एका रनमध्ये दिसलेला दहा मिनिटांचा फायदा निव्वळ योगायोग असू शकतो.