धुळ्याचा एक लॉज : 'रिट्झी सूट' घेऊ नका, वरची साधी खोली मागा

लग्नसराईत धुळ्याला चांगली खोली मिळणं मुश्कील, त्यात मे महिन्याचं ऊन. पुतणीच्या लग्नाला आम्ही अमळनेरची सगळी मंडळी पारोळा रोडकडच्या एका लॉजवर उतरलो होतो. लॉजचं नाव लिहीत नाही. तक्रार मालकाच्या कानावर घातली आहे, दुरुस्तीला त्यांना अवधी मिळायला हवा. पण तिथे, किंवा तशाच दुसऱ्या लॉजवर, पैसे भरण्याआधी काय बघून घ्यावं ते सांगायलाच हवं.

खोल्या दोन तऱ्हेच्या. तळमजल्यावर दर्शनी बाजूला 'रिट्झी सूट', भाडं २२०० रुपये. दुसऱ्या मजल्यावर मागे साध्या खोल्या, ९०० रुपयांच्या. माझ्या मोठ्या नणंदबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून त्यांच्यासाठी सूट घेतला.

दार उघडल्या उघडल्या खोली डोळ्यांत भरते. छताला पीओपी, त्यात निळे-जांभळे एलईडी, भिंतीवर सोनेरी वेलबुट्टीचा वॉलपेपर, जमिनीपर्यंत लोळणारे मखमली पडदे. पडदा सरकवला तर हाताला धूळ लागली. एसीच्या खाली वॉलपेपर ओल धरून सुटला होता. नणंदबाईंनी कड जराशी उचलली, तर मागे हाताएवढी काळी बुरशी. त्यांना दम्याचा त्रास आहे. त्यांनी उशी उचलली आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. बाथरूमच्या मोरीला जाळी नाही, पाण्याला उतार नाही, त्यामुळे अंघोळीचं पाणी दारापर्यंत यायचं आणि वास खोलीभर. पलंगावरून हात पोहोचेल असा एकही दिवा नाही. रात्री उठायचं तर अंधारात चाचपडत दारापर्यंत जा.

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे 'रिट्झी' हे विशेषण त्या दारावर बघून मला वाईट वाटलं. ते एका माणसाच्या आडनावावरून आलं आहे. सेझार रिट्झ, जन्म १८५०, स्वित्झर्लंडमधल्या नीडरवाल्ड या खेड्यातल्या शेतकऱ्याचं तेरावं लेकरू. वेटरचं काम करत करत लंडनच्या सव्हॉय हॉटेलचा मॅनेजर झाला आणि १८९८ मध्ये पॅरिसला प्लास व्हांदोमवर त्याच्या नावाचं हॉटेल उघडलं. लंडनचं रिट्झ १९०६ चं. १९२० च्या सुमारास अमेरिकेत लोक झगमगाटी, उंची अशा कशालाही 'रिट्झी' म्हणू लागले. नटूनथटून मिरवण्यालाही रिट्झच्याच नावाचा वाक्प्रचार झाला. १९३४ मध्ये तिथे मंदीच्या दिवसांत रिट्झ नावाची खारी बिस्किटं निघाली. आपल्याकडे २००९ ची मारुती रिट्झ गाडी सगळ्यांना आठवत असेल. घरी पोरगं ताटाला नाव ठेवायला लागलं की आपण म्हणतो ना, 'हे काय ताज हॉटेल आहे का?' तसंच हे. मुंबईचं ताज १९०३ पासून उभं आहे, पण हे वाक्य बोलणाऱ्या कितीतरी जणांनी त्याची पायरी कधी चढलेली नसते.

आता या रिट्झने केलं काय होतं? त्या काळी युरोपातल्या मोठमोठ्या हॉटेलांतही प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्नानगृह नसे. त्याने पॅरिसला ते दिलं, वीज दिली, टेलिफोन दिला. स्वच्छतेचा त्याला ध्यास होता. भिंतींना कागद लावण्यापेक्षा रंग बरा, कारण रंग धुता येतो, असं त्याचं मत. धूळ धरून ठेवणारे जड पडदेही त्याला नकोसे. म्हणजे नणंदबाईंच्या सूटमध्ये पैसे खर्चून जे जे लावलं होतं, ते या माणसाने आधी काढून टाकलं असतं. शब्द झगमगाटापुरता उरला आणि धुतलेली भिंत मागे पडली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि त्याच लॉजच्या दुसऱ्या मजल्यावर मला खरी चांगली खोली मिळाली. चुन्यासारखा पांढरा रंग, सुती पडदे, कडक उन्हात वाळलेल्या चादरी. नाकाशी धरली की ऊन कळतं. मोरीला नीट उतार, शेवटचा थेंबही जाळीकडे जातो. बादली घासलेली, मगसुद्धा आतून चोपडा नाही. खिडकी पूर्वेची, त्यामुळे दुपारनंतर भिंत तापत नाही, आणि कूलरचं पाणी भरायला मुलगा न सांगता येतो. दिव्याचं बटण उशाशी. नणंदबाईंना आम्ही दोघींनी धरून, टप्प्याटप्प्यावर टेकवत वर आणलं. रात्री त्या शांत झोपल्या.

काउंटरवरच्या मुलाला मी विचारलं, हे 'रिट्झी' कोणी सुचवलं? तो म्हणाला, "फ्लेक्सवाल्यानं टाकं मावशी, आम्हले काय माहीत." वरच्या खोल्या कोण बघतं म्हटल्यावर त्याने आईकडे बोट दाखवलं. त्या माउली रोज मोऱ्या स्वतः घासतात. खाली कंत्राटदाराने सजावट करून दिली, ती खराब होईल म्हणून तिथे फारसं पाणी वापरायचं नाही, अशी ताकीद आहे. भिंत धुवायची नाही म्हटल्यावर त्या तरी काय करणार? मी मालकांना तेच सांगितलं: तो कागद काढा, चुना किंवा ऑइलपेंट मारा, मोरी उकरून उतार द्या आणि तळमजल्याची जबाबदारीही त्यांच्याकडे सोपवा. आमच्यासारख्या गुडघेवाल्यांना खालचीच खोली लागते, ती चांगली असायलाच हवी. त्यांनी ऐकून घेतलं, सूटचं निम्मं भाडं परत केलं. हे मी आवर्जून लिहिते, कारण हुज्जत घालावी लागली नाही.

जेवण खालीच, दहा टेबलांची खानावळ. शेवभाजी मागवा. भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि खड्या मसाल्याचा काळा रस्सा, वर तेलाचा तवंग. जाड तिखट शेव ताट आल्यावरच रस्स्यात पडते, त्यामुळे लगदा होत नाही. कळण्याची भाकरी चुलीवरची, उडदाचा खमंगपणा जिभेवर राहतो. तिखट सोसत नसेल तर आधी सांगा, वेगळं वरण करून देतात. भात मात्र गार आला, दोन्ही वेळा.

गाडी लावायला जागा आहे, पण रस्त्याच्या बाजूला रात्रभर ट्रकचा आवाज. खोली फोनवर ठरवू नका. जाऊन मोरीत एक मग पाणी ओता आणि कुठे जातं ते बघा, पडद्याची खालची कड झटका, मग पैसे भरा. इथे मागितलंत तर दुसऱ्या मजल्याची, मागची, पूर्वेची खोली मागा. सौर बंबाचं गरम पाणी सकाळी नऊपर्यंत पुरतं, लग्नघर असेल तर त्याआधीच अंघोळी उरका.