कंदिलाची मिरवणूक की तान्हा पोळा: लेकराला कोणत्या शाळेत टाकावं?

आमच्या वर्ध्याकडची जी माणसं नोकरीपायी मुंबई-हैदराबादला गेली, त्यांचं लेकरू पहिलीला आलं की हमखास फोन येतो. गावी परतायचं मनात असतं, पण तिथली वॉल्डॉर्फ शाळा (हिलाच स्टायनर शाळाही म्हणतात) सोडवत नाही. फळ्यावरची रंगीत चित्रं, लोकरीचं विणकाम, ऋतूप्रमाणे येणारे सण त्यांनी पाहिलेले असतात. पर्याय तीन: ती शाळा, सेवाग्रामची नई तालीमची, म्हणजे गांधीजींच्या हातकामातून शिकवण्याच्या पद्धतीची शाळा, नाहीतर गावातली जिल्हा परिषदेची. माझं मत आधीच सांगतो. गावी यायचं पक्कं असेल तर सणांसाठी स्टायनरची शाळा धरून बसू नका. तिच्यातलं दुसरं काहीतरी मात्र सोबत घेऊन या.

ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनरची पहिली शाळा 1919 साली जर्मनीत स्टुटगार्टला निघाली, वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी. तिथल्या सणांची मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांची तयारी. 11 नोव्हेंबरच्या आसपास कंदिलांची मिरवणूक निघते. मूल ओल्या कागदावर जलरंग पसरवतं, वाळल्यावर त्याला तेल चोळतं म्हणजे कागदातून उजेड झिरपतो, मग कंदील चिकटवतं आणि अंधार पडल्यावर गात गात निघतं. वर्गाच्या कोपऱ्यात ऋतूचं एक टेबल असतं, त्यावर पानं, बिया, फांद्या बदलत राहतात.

पण हा कंदील तिथल्या आभाळाखालचा आहे. डिसेंबरात स्टुटगार्टला दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा, आपल्याकडे जवळपास अकरा तासांचा. मावळत्या उजेडाची जी हुरहुर त्या मुलांना असते, ती आपल्या लेकरांना कुठून असणार? नोव्हेंबरात आपल्या वावरात पऱ्हाटी (कपाशी) पांढरी झालेली असते आणि घरचे सगळे वेचणीला गेलेले असतात. त्या दिवसांतला आपला सण म्हणजे सीतादही. वेचणीच्या सुरुवातीला पऱ्हाटीची पूजा करून दहीभात शिंपडायचा. भारतातल्या स्टायनर शाळा दिवाळी, होळीही करतात. तरी शहरातल्या लेकराला वेचणी दाखवायला सहल काढावी लागते.

आता पोळा बघा. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकतात. तूप-हळद लावून, पळसाच्या पानानं ऊन पाणी घालत चोळतात आणि त्याच्या कानाशी म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." वर्षभर जू वाहिलेल्या जागी हात फिरवणारं सात वर्षांचं पोर त्या क्षणी जे शिकतं, ते कुठल्याही टेबलावर मांडता येणार नाही. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, तिसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल ओढत घरोघरी जायचं आणि बोजारा (खाऊ-पैसे) घ्यायचा. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी, रोज झाकलेली खिरापत ओळखायची. होळीला पळसाची फुलं उकळून केशरी रंग काढायचा. स्टायनर शाळेला जे वर्षभर ठरवून उभं करावं लागतं, ते आपल्याकडे दारातून चालत जातं.

मग अडतं कुठे? गावची शाळा पोळ्याला सुट्टी देते आणि विषय तिथेच संपतो. सुट्टीनंतर कोणी विचारत नाही की लाकडी बैल किती दिवसांत झाला, चाक गोल कसं केलं, झडती कोणती म्हटली. स्टायनर शाळेत हातानं केलेलं वहीत उतरतं. सकाळचे साधारण दोन तास एकच विषय, तोही सलग तीन-चार आठवडे, आणि मूल स्वतःचं पुस्तक स्वतः लिहून-चितारून करतं. तिसरीत शेती आणि घरबांधणी असते. धान्य पेरायचं, कापायचं, दळायचं, भाकरी भाजायची. सोबत घेऊन या म्हणतो ते हेच.

हीच गोष्ट मराठीत आणि आपल्या मातीत सेवाग्रामला आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, झाकीर हुसेन यांच्या समितीनं तिचा अभ्यासक्रम आखला. 2005 पासून तिथे आनंद निकेतन ही नई तालीमची शाळा चालते. स्टायनर शाळेत पहिलीतलं मूल काड्या घासून सुया करतं आणि लोकर विणतं. इथे कापूस, पेळू, टकळी, सूत. आपल्या उन्हाळ्याला लोकरीपेक्षा सूत बरं, आणि तो कापूस लेकराच्या ओळखीचा असतो. सुटलेला टाका असो की तुटलेला धागा, पुन्हा जोडायची चिकाटी दोन्हीकडे सारखीच लागते.

एक सावधगिरी. वॉल्डॉर्फमध्ये वाचन-लेखन सातव्या वर्षाच्या पुढे, सावकाश सुरू होतं. मूल तिथेच राहणार असेल तर हरकत नाही. दुसरीनंतर काढून गावच्या शाळेत बसवलंत तर बाकीचे धडा वाचत असतील आणि तुमचं लेकरू अक्षरं जुळवत असेल. ते त्याला फार लागतं. भारतातल्या बहुतेक वॉल्डॉर्फ शाळा इंग्रजी माध्यमाच्या, तेव्हा मराठीही कच्ची राहते. शिवाय या शिक्षणामागे स्टायनरचं अँथ्रोपॉसॉफी (मानवविद्या) नावाचं अध्यात्म आहे, पुनर्जन्म मानणारं. ते समजून घ्या आणि पटतं का ते ठरवा.

जिल्हा परिषदेची शाळा फुकट आहे, पायी जाता येते, दुपारी खिचडी मिळते. अडचण शिक्षकांची. दोन शिक्षक, चार वर्ग, वर कागदपत्रं. स्टायनर शाळेत एकच वर्गशिक्षक बरीच वर्षं सोबत असतो, इथे चांगले गुरुजी मिळतात आणि बदली होते. तरी गुरुजी मनाचे असतील तर मी हीच शाळा निवडीन, आणि ती चित्रांची वही घरी चालवीन. सेवाग्राम जाण्या-येण्याच्या टप्प्यात असेल तर आधी तिथे जाऊन बघा.

शाळा बघायला पोळ्याच्या आठवड्यात जा. मुलांनी केलेले मातीचे बैल मागून घ्या. सगळे एकसारखे, गुळगुळीत असतील तर ते मोठ्यांनी केलेत. एकाचं शिंग वाकडं, दुसऱ्याचा पाय आखूड, तिसऱ्याच्या पाठीवर बोटांचे ठसे असतील, तर तिथल्या गुरुजींशी बसून बोला.