'लुकिंग फॉर यू' की 'ले फ्लर द्यु माल': आधी कोणता अल्बम ऐकावा?

सिंफनिक मेटल, म्हणजे ऑर्केस्ट्रा आणि भव्य गायनाची जोड दिलेले हेवी मेटल, ऐकणाऱ्या श्रोत्याची या संगीताशी ओळख बहुधा फिनलंडच्या नाइटविश या बँडपासून होते. तिथून तो फिनलंड आणि स्वीडनमधल्या इतर बँडकडे वळतो, आणि काही वर्षांनी त्याच्या लक्षात येते की यातले बरेच बँड उतारवयात पॉपकडे झुकलेले आहेत. त्या वळणावरचे दोन अल्बम नेहमी समोर येतात. पहिला फिनलंडच्या अँबेरियन डॉनचा 'लुकिंग फॉर यू' (२०२०) आणि दुसरा स्वीडनच्या थेरियनचा 'ले फ्लर द्यु माल' (२०१२). दोन्हींत पॉप आहे, दोन्हींत दुसऱ्यांची गाणी आहेत आणि दोन्हींवर जुन्या चाहत्यांनी नाके मुरडलेली आहेत. तरीही दोघांची जात इतकी वेगळी आहे की एक आवडला म्हणून दुसरा आवडेलच याची खात्री देता येत नाही. म्हणून आधी कोणता घ्यावा, हा प्रश्न विचारण्याजोगा ठरतो.

शैलीच्या नावापुरता एक खुलासा आवश्यक आहे. वेगवान ड्रम, पियानोच्या धर्तीवर धावणारी गिटार आणि उंच पट्टीतली उत्साही धून, असे ज्याला पॉवर मेटल म्हणतात, त्याच्याशी अँबेरियन डॉनचे नाते सरळ आहे. थेरियन हा १९८७ साली सुरू झालेला, मुळात डेथ मेटल, म्हणजे गुरगुरत्या आवाजातले कर्कश मेटल, वाजवणारा बँड असून १९९६ च्या 'थेली' या अल्बमपासून त्याने गायनवृंद आणि ऑपेराचे गायन यांवर आपली ओळख उभी केली. त्यामुळे या तुलनेतला एक बँड जलद आणि चकचकीत आहे, तर दुसरा जड आणि नाटकी आहे.

अँबेरियन डॉनचा प्रवास समजून घेतल्याशिवाय 'लुकिंग फॉर यू' नीट कळत नाही. गिटार आणि की-बोर्ड वाजवणारा तुओमास सेप्पाला या बँडचा संगीतकार आहे. २००८ च्या 'रिव्हर ऑफ तुओनी'पासून पहिल्या चार अल्बमांत हाइडी पारव्हियाइनेन ही शास्त्रीय वळणाची सोप्रानो (सर्वांत उंच पट्टीची गायिका) गात होती, आणि फिनिश महाकाव्य कालेवालातील विषय त्या गाण्यांतून डोकावत होते. २०१२ साली ती बँडमधून बाहेर पडली (पुढे तिने डार्क सारा हा स्वतःचा प्रकल्प काढला) आणि तिच्या जागी पाइव्ही विर्कुनेन, म्हणजेच कॅप्री, आली. कॅप्रीचा आवाज ऑपेराचा नाही. तो मधल्या पट्टीतला, मोकळा आणि शब्द स्पष्ट उच्चारणारा आहे. गायिका बदलली की संगीतकाराला चालीही बदलाव्या लागतात, आणि सेप्पालाने त्या बदलल्या. २०१३ च्या 'रीएव्होल्यूशन'मध्ये जुनी गाणी कॅप्रीच्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित झाली, आणि 'मॅजिक फॉरेस्ट' (२०१४), 'इन्युएंडो' (२०१५) व 'डार्कनेस ऑफ इटर्निटी' (२०१७) या पुढच्या तीन अल्बमांत की-बोर्डची चमक वाढत गेली. ३१ जानेवारी २०२० रोजी 'लुकिंग फॉर यू' आला, तेव्हा या प्रवासाचे टोक गाठले गेले होते.

या अल्बममधली गाणी सेप्पालाने स्वतः रचलेली आहेत, पण ती स्वीडनच्या ॲबा या पॉप गटाच्या साच्यात ओतलेली आहेत. पहिल्याच 'युनायटेड'मध्ये हे ऐकू येते. धून सिंथच्या हाती आहे आणि गिटार तिच्या खाली जाड रेषा ओढण्याचे काम करते. ध्रुवपदात कॅप्रीचा आवाज एकावर एक थर रचून इतका रुंद केला आहे की एकच गायिका गात असल्याचे विसरायला होते. कडवे, चढण, ध्रुवपद हा क्रम ढळत नाही आणि गाणी आटोपशीर राहतात. जुन्या अँबेरियन डॉनची आठवण हवी असेल तर 'सिंफनी नंबर वन, पार्ट थ्री: अवेकनिंग' हे एकच मोठे ठिकाण आहे. तिथे राप्सडी ऑफ फायरमधून गाजलेला इटालियन गायक फाबियो लिओने पाहुणा म्हणून येतो, आणि काही मिनिटांपुरता अल्बम पुन्हा भव्य होतो. माझ्या मते याच गाण्याने अल्बमची अडचण उघडी पडते. ते इतके उठून दिसते की आजूबाजूची गाणी त्याच्या तुलनेत हलकी वाटू लागतात, आणि सलग ऐकताना मनात दोन अल्बमांची भेसळ झाल्यासारखे होते.

अल्बममध्ये ॲबाचे जे प्रत्यक्ष गाणे आहे, ते म्हणजे 'ले ऑल युवर लव्ह ऑन मी'. मूळ गाणे १९८० च्या 'सुपर ट्रूपर' अल्बमवरचे. ॲबाचे संगीतकार बेनी अँडरसन आणि ब्यॉर्न उल्वेअस यांनी त्यात डिस्कोचा ठेका ठेवला, पण ध्रुवपद चर्चमधल्या स्तोत्रासारखे अनेक आवाजांत भरून मांडले. कडव्याच्या अखेरीस आवाज यंत्राच्या मदतीने घसरत खाली येतो, ती जागा तर एकदा ऐकली की विसरत नाही. स्तोत्राची ही भव्यता मुळातच असल्यामुळे मेटलवाल्यांना हे गाणे कायम खुणावत आले आहे. जर्मनीच्या हॅलोवीनने १९९९ च्या 'मेटल ज्यूकबॉक्स'मध्ये ते घेतले होते आणि टोबियास सामेटच्या अव्हान्तासियाने २००७ मध्ये. अँबेरियन डॉनची आवृत्ती या रांगेत सर्वांत शालीन म्हणावी लागेल. मूळ मांडणीशी ती प्रामाणिक आहे, गोड आहे आणि गायनात कुठेही उणी नाही, पण तिने गाण्याला नवे काही विचारलेले नाही. हॅलोवीनच्या आवृत्तीत त्यांचा गायक अँडी डेरिस याच्या खरखरीत पुरुषी आवाजामुळे त्याच शब्दांतला मत्सर जरा धोकादायक वाटू लागतो. फक्त या एका गाण्यासाठी कोणी 'लुकिंग फॉर यू' घेणार असेल, तर त्याने आधी हॅलोवीन ऐकावे.

थेरियनचा मामला अगदी उलटा आहे. 'ले फ्लर द्यु माल'वरची सगळीच गाणी दुसऱ्यांची आहेत आणि ती सगळी फ्रेंच आहेत. बँडला पंचवीस वर्षे झाली त्या निमित्ताने तिचा प्रमुख क्रिस्टोफर योनसनने नेहमीच्या ध्वनिमुद्रण कंपनीवर अवलंबून न राहता स्वतःच्या खर्चाने हा अल्बम काढला. शीर्षक फ्रेंच कवी बोदलेअरच्या १८५७ च्या काव्यसंग्रहाचे असले तरी आतली गाणी मुख्यतः साठच्या दशकातली, तरुण मुलींनी गायलेली फ्रेंच पॉप गाणी आहेत. फ्रान्स गाल, मारी लाफोरे आणि सिल्वी व्हार्तान ही त्यातली मोठी नावे. त्यांच्या शेजारी फ्रान्सबाहेर फारसे कोणाला माहीत नसलेल्या गायिकांची गाणीही योनसनने शोधून आणली आहेत. एखाद्या संग्राहकाने वर्षानुवर्षे जमवलेल्या तबकड्यांतून निवड केल्यासारखी ही यादी आहे, आणि तिच्यात बाजाराचा हिशेब कुठेच दिसत नाही.

अल्बम उघडतो तो 'पुपे द सिर, पुपे द सों' या गाण्याने. फ्रेंच गीतकार-गायक सर्ज गेन्सबूरने लिहिलेल्या या गाण्यावर फ्रान्स गालने १९६५ साली नेपल्समध्ये लक्झेंबर्गच्या वतीने युरोव्हिजन ही युरोपीय देशांची गायनस्पर्धा जिंकली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. गाणे एका मेणाच्या बाहुलीचे आहे, जी स्वतः न अनुभवलेल्या प्रेमाची गाणी गात राहते. गालच्या कोवळ्या, थोड्या घाईच्या आवाजात ते खरोखर बाहुलीचेच वाटते, आणि त्यातला उपरोध ऐकणाऱ्याने शोधून काढायचा असतो. थेरियनच्या आवृत्तीत मूळचा घोडदौडीचा ठेका दोन्ही पायांनी वाजवल्या जाणाऱ्या बास ड्रमवर चढतो आणि वर प्रशिक्षित ऑपेरा आवाज येतो. निरागसता गेली की उपरोध उघडा पडतो. आता बाहुलीला आपण बाहुली असल्याचे पुरते ठाऊक आहे. गालच्याच 'ले स्युसेत'च्या बाबतीत हे आणखी तीव्रतेने जाणवते. लॉलीपॉपच्या त्या गाण्यातला दुहेरी अर्थ गाताना आपल्या लक्षात आला नव्हता, असे गालने पुढे सांगितले होते. प्रौढ गायकांच्या तोंडी ते गाणे आले की तो बहाणा उरत नाही. दुसऱ्याचे गाणे घ्यायचे तर त्याचा अर्थ असा हलला पाहिजे, अशी माझी अपेक्षा असते, आणि या कसोटीवर थेरियन पुष्कळ पुढे आहे.

'इनिशिअल्स बी. बी.'चे उदाहरण याहून गमतीचे आहे. अभिनेत्री ब्रिजित बार्दोला उद्देशून गेन्सबूरने १९६८ मध्ये केलेल्या या गाण्याचे ध्रुवपद चेक संगीतकार ड्वोर्झाकच्या 'न्यू वर्ल्ड' सिंफनीच्या पहिल्या भागातल्या स्वरावलीवर बेतलेले आहे. म्हणजे सिंफनीतून पॉपमध्ये गेलेली धून थेरियनने मेटलच्या वाटेने पुन्हा सिंफनीच्या दारात आणून सोडली. मारी लाफोरेचे 'मोन आमूर, मोन आमी' हे १९६७ चे गाणे मुळात हळवे आणि उदास आहे. थेरियनने त्याला जोर दिला, पण उदासपणा घालवला नाही. नवख्या श्रोत्याने हा अल्बम याच गाण्यापासून सुरू केला तरी चालेल. सिल्वी व्हार्तानचे 'ला मारित्सा' हे तिच्या जन्मभूमीतल्या, बल्गेरियातल्या नदीचे गाणे आहे. त्यात समूहस्वराला मुळातच जागा असल्याने ते थेरियनच्या हाती सहज बसते.

याचा अर्थ अल्बम निर्दोष आहे असा नव्हे. मूळ गाणी दोन-तीन मिनिटांची आहेत आणि थेरियनने ती फारशी ताणलेली नाहीत, त्यामुळे लांब रचनांची सवय असलेल्या श्रोत्याला काहीतरी सुरू होते न होते तोच संपल्यासारखे वाटते. मधल्या काही अनोळखी गाण्यांत मूळ चालच बेताची आहे आणि वाद्यमेळाने ती झाकली गेलेली नाही. बँडची गायिका लोरी लुईसचा सोप्रानो आणि गायक थॉमस विकस्ट्रॉमचा टेनर (उंच पट्टीचा पुरुषी आवाज) हे दोन्ही भक्कम असले, तरी पॉपच्या हलक्या शब्दांवर ऑपेराचा इतका भार काही ठिकाणी हास्यास्पद होतो. भाषेचा प्रश्न मात्र मला फारसा वाटत नाही. फ्रेंच न समजणाऱ्या श्रोत्यालाही चाल आणि स्वर पुरतात. ज्यांना शब्दांशिवाय गाणे पोहोचत नाही, त्यांच्यासाठी अँबेरियन डॉनचे सोपे इंग्रजी अधिक सोयीचे आहे.

इथे आपल्याकडच्या श्रोत्यांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ॲबाच्या चाली आपल्या कानांना परक्या नाहीत. १९७७ च्या 'हम किसीसे कम नहीं'मधले राहुल देव बर्मन यांचे 'मिल गया हमको साथी' हे गाणे ॲबाच्या 'मामा मिया'वर बेतलेले आहे, आणि ते आजही ऑर्केस्ट्रांच्या कार्यक्रमांत वाजते. त्यामुळे 'लुकिंग फॉर यू' घरात मोठ्याने लावला तर मेटल न ऐकणारी मंडळीही बहुधा तक्रार करणार नाहीत. थेरियनच्या बाबतीत ही हमी देता येत नाही. साठच्या दशकातले फ्रेंच पॉप आपल्याकडे त्या प्रमाणात पोहोचलेच नाही. बहुसंख्य मराठी श्रोत्यांसाठी ही गाणी कव्हर, म्हणजे जुन्या गाण्याची नवी आवृत्ती, म्हणून येत नाहीत, तर कोरी म्हणून येतात. यात तोटाही आहे आणि फायदाही. नाट्यपदाची मूळ बंदिश ठाऊक असलेल्याला पदात जी जास्तीची मजा मिळते, ती इथे आधी मूळ ऐकल्याशिवाय मिळणार नाही. उलट, मूळ आवाजाशी तुलना करत बसण्याचा त्रासही होत नाही.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे. एकच अल्बम घ्यायचा असेल आणि तो पाच-सात वर्षांनीही काढून ऐकावासा वाटावा अशी इच्छा असेल, तर 'ले फ्लर द्यु माल' घ्यावा. त्यातली निवड वैयक्तिक आहे, चाली मुळात उत्तम हातांनी बांधलेल्या आहेत आणि प्रत्येक गाण्यात बँडने काहीतरी पणाला लावले आहे. प्रवासात, काम करताना किंवा मेटल नुकतेच ऐकू लागलेल्या मित्रासाठी काही हवे असेल, तर 'लुकिंग फॉर यू' अधिक उपयोगी आहे, कारण त्यातली ध्रुवपदे दुसऱ्या वेळेस ऐकतानाच ओठांवर येतात. पारव्हियाइनेनच्या काळातली कालेवाला आणि सोप्रानो हीच ज्यांची आवड आहे, त्यांनी मात्र तो टाळून 'रिव्हर ऑफ तुओनी'कडे परतावे. 'थेली'चा गडद गायनवृंद शोधणाऱ्यांनी थेरियनच्या या अल्बमकडून ती अपेक्षा ठेवू नये. अशा श्रोत्यांना २०२१ पासून आलेली 'लेव्हायथन' ही तीन अल्बमांची मालिका जवळची वाटेल.

दोन्ही ऐकायचे ठरवले, तर थेरियन ऐकण्याआधी फ्रान्स गाल आणि मारी लाफोरे यांची मूळ ध्वनिमुद्रणे ऐकून घ्यावीत. अर्ध्या तासाच्या या तयारीने अल्बमची किंमत दुप्पट होते. अँबेरियन डॉनसाठी अशी तयारी लागत नाही. तो ऐकून ॲबाचा मेटल अवतार आवडलाच, तर त्याच बँडचा २०२२ मधला 'टेक अ चान्स' हा संपूर्ण अल्बम ॲबाच्याच गाण्यांचा आहे. शिवाय थेरियननेही २००१ च्या 'सीक्रेट ऑफ द रून्स'च्या शेवटी जादा गाणे म्हणून ॲबाचे 'समर नाइट सिटी' घेतले होते. दोन बँडना एकाच मापाने मोजायचे असेल, तर ते गाणे अँबेरियन डॉनच्या 'ले ऑल युवर लव्ह ऑन मी'शेजारी लावून पाहावे.