काटा मारलेलं वेट व्हेस्ट

क्लाइंबिंगच्या ट्रेनिंगसाठी ऑनलाइन वेट व्हेस्ट (वजनाच्या पिशव्या भरलेलं जाकीट) मागवणार असाल तर आधी हे वाचा. जाहिरातीत लिहिलं होतं, "१० किलो, लोखंडी छर्रे, १ किलोच्या दहा सुट्या पिशव्या." कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवलं तर सगळं मिळून ६ किलो ४०० ग्रॅम, तेही कापड, पट्टे, बकलं धरून. पिशव्या एकेक करून मोजल्या. कुठली ६१०, कुठली ५५०. दुकानदार म्हणाला, "साहेब, आम्ही एवढी काटामारी केली असती तर गिऱ्हाइकानं दुकान फोडलं असतं."

संशय आला तो वॉलवर. व्हेस्ट घालून हँगबोर्डच्या (बोटांच्या ताकदीसाठी लटकायच्या फळीच्या) २० मिलिमीटरच्या कडेवर मी दहा सेकंद आरामात लटकत होतो. एका मित्राचा हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे) घालून, त्याला १० किलोच्या प्लेट्स टांगून तीच कड धरली, तर चार-पाच सेकंदांत बोटं उघडली. व्हेस्ट छातीला घट्ट बसतं, प्लेट्स खाली झुलतात, त्यामुळे थोडा फरक पडतोच. पण एवढा नाही.

साडेतीन किलोंनी काय होतं, असं जिममधल्या माणसाला वाटेल. हँगबोर्डवर आपण एक-एक किलोनं वजन वाढवतो. साडेतीन किलो म्हणजे कित्येक आठवड्यांची मेहनत. शिवाय खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून कुणी खरं वजन टांगलं, तर सगळा ताण बोटाच्या मुळाशी असलेल्या ए-टू पुलीवर, म्हणजे स्नायूची दोरी हाडाशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यावर येतो. ती दुखावली की सीझन गेलाच म्हणून समजा.

एका पिशवीची शिवण उसवली. आत चाळलेली वाळू, नावाला थोडा लोखंडाचा चुरा. खरं तर फोटोवरूनच ताडता येतं. भरीव लोखंड सुट्या वाळूच्या जवळपास पाचपट जड. छर्‍यांमध्ये पोकळी धरली तरी अडीच-तीनपट. १० किलो वाळूला सहा लिटरहून जास्त जागा लागते, म्हणजे वाळूचं व्हेस्ट फुगीरच दिसणार. सडपातळ व्हेस्टच्या पिशव्या हाताला रेतीसारख्या लागल्या, तर वजन भरणारच नाही; लगेच काट्यावर ठेवा.

विक्रेत्यानं आधी अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागितला. मग रिटर्नची मुदत संपल्याचं कळवलं. शेवटी "तुमचा काटा चुकीचा असेल" हे उत्तर. ज्या काट्यावर दर वर्षी वैधमापन विभागाचा शिक्का बसतो तो चुकीचा, आणि यांची वाळू बरोबर! काट्याच्या आकड्यासकट पिशव्यांचे फोटो जोडून मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. क्रमांक गेल्यावर मात्र पैसे परत आले.

व्हेस्टसोबत "फ्री" म्हणून एक कॅरॅबिनरही (दोर अडकवायची धातूची कडी) होता. त्यावर "२५ केएन" (किलोन्यूटन, म्हणजे किती जोर सोसेल तो आकडा) कोरलेलं. बनवणाऱ्याचं नाव नाही, ईएन १२२७५ हा गिर्यारोहणाच्या कॅरॅबिनरच्या युरोपियन मानकाचा क्रमांक नाही. असले आकडे कुणीही ठोकतो. किल्ल्या अडकवायला ठीक, पण दोरावर असलं काही कदापि वापरू नका. वजनाची चोरी एक वेळ परवडली, ही नाही.

व्हेस्ट बघताना आणखी दोन चलाख्या दिसल्या. "२० किलोपर्यंत" लिहिलं की बहुतेक वेळा नुसतं रिकामं कापड येतं, वजन वेगळं घ्यायचं. आणि मोठ्या अक्षरात २०, शेजारी बारीक अक्षरात पाउंड. म्हणजे जेमतेम ९ किलो.

आता मी हार्नेसच्या बिले लूपला (पुढच्या मजबूत फासाला) स्लिंगनं, म्हणजे पट्टीच्या फासानं, बिडाच्या प्लेट्स टांगतो, त्याही आधी मोजून घेतलेल्या. प्लेट्स नसतील तर सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरतो. एक लिटर म्हणजे एक किलो, बाटलीचे काही ग्रॅम वर. तो विक्रेता आता वेगळ्या नावानं आहे. फोटो तोच, आणि वजन वाढून १२ किलो झालंय.